भिंत हौदाचीच आहे

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या स्मारक समितीचे प्रमुख श्री. बलभीमराव, त्यांच्या शेजारी बसलेले तहसीलदार साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते पांढरीच्या खोदकामाचे अधिकारी महांतप्पा साहेब आणि त्यांच्या सौभाग्यवती शांताक्का, पुढच्या सतरंजीवरची वडीलधारी मंडळी, उजव्या हाताला दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या मायबहिणी, आणि आत जागा नाही म्हणून म्हणा किंवा आत यायचा धीर झाला नाही म्हणून म्हणा, दाराबाहेर पायरीवर बसलेले माझे शेजारी चाँदसाब मुजावर, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. कन्याशाळेची मुख्याध्यापिका म्हणून मी साहेबांचे आभार मानायचे आणि खाली बसायचं, असं ठरलं आहे. आमचे मालक महारुद्रराव तिकडं खांबाला टेकून बसलेत. घरातून निघताना त्यांनी बजावलं, "दोन म्हंजी दोनच." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांची आशा काही सुटत नाही.

अध्यक्षमहाराज, मी आपला थोडा जास्त वेळ घेणार आहे. आपण आधीच परवानगी द्यावी, म्हणजे मध्ये घंटी वाजवण्याचा त्रास आपल्याला होणार नाही.

महांतप्पा साहेब आपल्या बेलखोरीत पहिल्यांदा आले, तेव्हा निजामाचं राज्य होतं. थंडीचे दिवस. पांढरीच्या पायथ्याशी लिंबाखाली त्यांनी तंबू ठोकला आणि दुसऱ्या दिवशी गावभर झालं की सरकार धन काढायला आलंय. मग काय, जो तो काही ना काही निमित्त काढून तिकडं फिरायला लागला. साहेबांनी पहिला हंडा काढला तेव्हा निम्मं गाव चराच्या काठावर उभं होतं. हंडा फुटका निघाला आणि त्यात माती निघाली. लोक चरफडत परत गेले. साहेबांनी मात्र तो हंडा असा काही हातात धरला, जणू लेकीचं बाळ पहिल्यांदा पाहताहेत. माझ्या शाळेतल्या मुली फिदीफिदी हसल्या. रंगाऱ्याचा ब्रश घेऊन माती झाडणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. मीसुद्धा नव्हता पाहिला.

साहेबांचं गाव नळदुर्गाकडचं. घरात कानडी, कचेरीत उर्दू, आपल्याशी मराठी. शांताक्कांनी तर आमच्या गल्लीला कानडी शिकवलं. सकाळी भेटल्या की "ऊट आयिता?" दुपारी भेटल्या तरी "ऊट आयिता?" जेवण झालं का, एवढंच त्या विचारतात, पण विचारतात आणि उत्तराची वाटसुद्धा बघतात. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी त्यांच्या हातची खाल्ली नाही अशी एक बाई या बाजूला बसलेली नाही. शांताक्का, तुम्ही चाललात याचं मला फार वाईट वाटतं. मी हे सजवून बोलत नाही. मला खरोखरच फार वाईट वाटतं.

आता थोडं पांढरीविषयी. बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते, पांढर म्हणजे गावाबाहेरची ती टेकडी, जिथं कोणे एके काळी वस्ती होती. घरं पडली, माती झाली, तिच्यावर पुन्हा घरं, पुन्हा माती. ती पांढर माझी आहे. वडिलांनी मला लग्नात चोळीबांगडीला दिली. लेकीला चोळीबांगडीला जमीन देतात ती बहुधा विहिरीकाठची असते. आमच्या वडिलांनी पांढर दिली, कारण तिथं फारसं पिकत नव्हतं आणि माझ्या भावांना ती नको होती. पट्टा माझ्या नावावर आहे. हे सांगायचं कारण एवढंच की समितीनं तिथं शिळा बसवायची परवानगी आमच्या मालकांकडं मागितली, आणि मालकांनी ती मोठ्या मनानं दिली. वस्तू माझी, औदार्य त्यांचं. मी त्यांची बैलजोडी अशीच कुणाला देऊन टाकली असती, तर घरात काय झालं असतं? मालक, तुम्ही उत्तर देऊ नका.

पांढरीचा आणि गावाचा खरा संबंध माळवदाचा. वैशाख लागला की घरोघरच्या बाया टोपली घेऊन पांढरीवर येतात, माती खणून नेतात आणि माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, पसरतात. ती माती पाणी अडवते, खाली गळू देत नाही. मी कुणाला कधी मना केलं नाही, माझ्या वडिलांनीही केलं नाही. पिढ्यान् पिढ्या हे चाललंय आणि त्यानं टेकडीला जागोजाग खड्डे पडलेत. म्हणजे बघा, ज्या पूर्वजांच्या नावानं उद्या सकाळी आपण मिरवणूक काढणार आहोत, त्यांच्या घरांच्या भिंती आज आपल्या माळवदावर आहेत आणि आपण त्यांच्यावर मिरच्या वाळवतो. त्यांची हरकत नसावी.

पहिल्याच वर्षी साहेबांना टेकडीच्या पोटात एक भिंत लागली. हातभर लांबीच्या जुन्या विटांची, चांगली जाड. आतल्या अंगाला चुन्याचा गिलावा. कोपरे गोल केलेले. तळाला गाळून बसलेली मऊ चिकणमाती. साहेबांनी आठवडाभर बघितलं आणि सांगितलं, हा हौद आहे. माती कालवून, निवळून घ्यायचा हौद.

पण त्या दिवसांत गावात कोण हिंडत होतं ते तुम्हाला आठवत असेल. खाकी कपडे आणि खांद्याला बंदूक. मी नावं घेत नाही, सगळ्यांना पाठ आहेत. त्यांतले दोघं-तिघं तंबूवर आले. भिंत पश्चिमेला आहे, म्हणजे ही जुनी मशीद, तसं लिहून द्या, असं त्यांचं म्हणणं. पांढर आमच्या ताब्यात येईल, इथं झेंडा लागेल. मी तेव्हा तिथंच होते, साहेबांना ताक घेऊन गेले होते. बंदूक समोर होती. साहेब खाली बसले, गिलाव्यावरची माती ब्रशानं झाडली आणि म्हणाले, "मियाँ, ही दीवार हौदाची हाय. पाणी धरणारी दीवार हाय. मी मशीद लिवलं म्हून इथलं पाणी काय नमाजाआधी वजू कराय, हातपाय धुवाय येनार न्हाय."

मग त्या बंदूकवाल्यांनी चाँदसाबला बोलावून आणलं. पांढरीच्या उतारावर पिराचा दर्गा आहे, तिथले हे मुजावर. दर्ग्याला लागूनच यांचं घर. मशीद ठरली असती तर फायदा यांचाच होता, पांढर यांच्याच दारात आली असती. त्यांनी विचारलं, तुझा बाप-आजा काय सांगायचा? चाँदसाब म्हणाले, "हमारे बड्यांनी कबी नै बोल्या. इथं मशीद होती म्हून मी कशाला झूट बोलू?" त्या रात्री साहेबांचा तंबू कुणीतरी कापला. चाँदसाबच्या दोन शेळ्या गेल्या. शेळ्यांचं मला फारसं दुःख झालं नाही, कारण त्या शेळ्यांनी माझ्या ज्वारीचा फडशा पाडला होता आणि चाँदसाबशी माझं त्यावरून अजूनही भांडण आहे. चाँदसाब, आजच्या दिवसापुरतं ते बाजूला ठेवू. उद्यापासून पुन्हा सुरू.

मग खोदकाम बंद पडलं. मग पोलीस ॲक्शन झाली. आपण स्वतंत्र झालो. मी घरात लपवून ठेवलेला तिरंगा काढून शाळेवर लावला, तेव्हा रडले. मी या गोष्टीला कमी लेखणारी बाई नाही. बलभीमराव सरहद्दीवरच्या कँपात राहिले, अंगावर गोळी झेलून आले, त्यांच्या खांद्याला व्रण आहे. त्या व्रणापुढं मी नेहमी मान झुकवते आणि आजही झुकवते. त्यानंतरच्या काही दिवसांत आपल्या भागात आणखी काय काय झालं, तेही आपल्याला माहीत आहे. चाँदसाब बायकापोरांना घेऊन सोलापूरला बहिणीकडं निघून गेले आणि वातावरण निवळल्यावर परत आले. दर्ग्यावर मलिदा पूर्वी आपणही न्यायचो. आता आपण तो रस्ता टाळतो. एवढंच बोलते.

यंदा थंडीत साहेबांनी पुन्हा खोदायला सुरुवात केली, आणि काय गंमत! तीच भिंत, तेच गोल कोपरे, तोच गिलावा. पण आता आमची समिती म्हणाली, हे देऊळ. आक्रमकांनी पाडलेलं देऊळ. साहेबांनी पुन्हा तेच सांगितलं, हौद. मी समितीच्या बैठकीला नव्हते, मला बोलावलं नव्हतं, पण खिडकीतून ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, "राव, मागल्या सरकारला पन हेच सांगिटलं. सरकार बदललं, दीवार तर तीच हाय की."

त्याचं उत्तर काय मिळालं? "हा निजामाचा माणूस." ज्यानं निजामाच्या माणसांसमोर मशीद लिहिली नाही, तो निजामाचा माणूस! बंधूंनो, हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही. तुमच्यात कुणाला जुळला असेल तर मला शाळेत येऊन शिकवा.

भिंतीच्या वर राखेचा थर आहे, चांगला गुडघाभर. समितीला तो थर मिळाला आणि सगळा इतिहासच मिळाला. गाव जाळलं! राजधानी जाळली! शिळेवरचा मजकूर तुम्ही वाचला असेलच, ती बाहेर ओट्यावर आणून ठेवली आहे. ‘परकीय आक्रमकांनी जाळून बेचिराख केलेली आपल्या पूर्वजांची राजधानी.’ अक्षर सुरेख आहे. पाथरवटानं मन लावून काम केलंय.

आता साहेबांनी मला चरात उतरवून काय दाखवलं ते सांगते. मी डोळ्यांनी बघितलंय. गाव जळालं तर काय उरतं? कणगीतली जळकी ज्वारी उरते, तुळयांचे कोळसे उरतात, जातं उरतं, दाराची कडी उरते. दोन सालांखाली आपल्याच शिवारातली वस्ती जळाली होती, तिथं काय उरलं होतं ते आपण पाहिलंय. या राखेत त्यातलं काही नाही. या राखेत आहेत मडकी. वाकडी झालेली, भाजताना वितळून एकमेकांना चिकटलेली, कुणी कधी न वापरलेली मडकी. ढिगानं. कुंभाराच्या आव्यात जी बिघडतात आणि बाजूला फेकतात, ती. आवा पेटवायचा, मडकी काढायची, राख तिथंच लोटायची, वर्षानुवर्षं. म्हणून राख, म्हणून चिकणमातीचा हौद. आणि त्या राखेवर एका अंगाला विटांची एक अखंड फरशी आहे, फरशीवर सातवाहनांच्या वेळची शिशाची नाणी. फरशी वर, राख खाली, म्हणजे राख त्याच्याही आधीची. ज्यांच्या माथी आपण ही जाळपोळ मारतो आहोत, ते या मुलखात यायला अजून हजार वर्षं होती! हजार वर्षं आधी येऊन गाव जाळून गेले, एवढी ताकद तर मी कुणाच्या अंगात पाहिलेली नाही.

तुम्ही म्हणाल, कुंभारवाडाच निघाला, त्यात काय सांगायचं? का हो? राजधानीच कशाला पाहिजे? दोन हजार वर्षांपूर्वी या गावातली माणसं इतकी मडकी करत होती की बिघडलेल्या मडक्यांचा डोंगर झाला. ती मडकी कुठं कुठं जात असतील, कुणाकुणाच्या चुलीवर चढत असतील! मला तर हे कळल्यावर माझ्या गावाचा अभिमान वाटला. जळून मेलेल्या राजापेक्षा राबून जगलेला कुंभार मला जवळचा वाटतो. पण समजा वाटला नसता अभिमान, तरी काय? आपल्याला आवडतं म्हणून राख कुणाच्या नावावर चढवायची का?

आणि ती नुसती राख असती तर मी गप्प बसले असते, हे खरं आहे. शिळा काय, बसली असती एका कोपऱ्यात, शेळ्या बसल्या असत्या तिच्या सावलीला. पण उद्याची मिरवणूक शिळेपाशी थांबणार नाही. ‘ज्यांनी जाळलं त्यांचा दर्गा या भूमीवर नको’ असा ठराव झालाय. चाँदसाबला परवा येऊन सांगून गेलेत, मिरवणुकीच्या आत घर रिकामं कर. त्यांची सून दिवस भरत आलेली आहे. मी काल तिला पाहून आले, ती भांडी बांधत होती. तहसीलदार साहेब, आपण इथं नवीन आहात, ही गोष्ट आपल्या कानावर घालण्याची संधी मला निरोप समारंभातच मिळाली, याबद्दल क्षमा असावी.

आता तलवार. ही बघा, टेबलावर ठेवली आहे, हार घातलाय, हळदकुंकू वाहिलंय. समितीचा सगळा भार हिच्यावर आहे. साहेब हैदराबादला गेले असताना आपल्या काही उत्साही मंडळींनी पहारी घेऊन एका सकाळी श्रमदान केलं आणि राखेच्या थरात ही तलवार सापडली. राख आणि तलवार. मग लढाई झालीच, दुसरा पुरावा काय पाहिजे? साहेबांनी परत येऊन चराची कड नीट तासली आणि सांगितलं, बाबांनो, इथं खड्डा आहे. वरून खणत आलेला आणि राखेपर्यंत गेलेला. खड्ड्यातली माती भुसभुशीत आहे, बाजूची घट्ट आहे, ही बघा रेघ दिसते. तलवार खड्ड्यातली आहे, थरातली नाही. अलीकडची आहे.

कुणी ऐकलं नाही. वर तक्रार गेली. वरून निरोप आला की अहवालात जाळपोळ लिहा, नाहीतर घरी जा. साहेब घरी चाललेत. मुदतीच्या आधी. आणि ज्या हातांनी तक्रारीवर सह्या केल्या, त्याच हातांनी आज ही शाल आणि श्रीफळ दिलं. शाल चांगली आहे, सोलापुरी आहे. शांताक्का, थंडीत उपयोगी पडेल.

आज सकाळी आम्ही बाया इथं सतरंज्या घालत होतो. तलवार टेबलावर होती. तुळजाबाई आल्या होत्या. बलभीमरावांच्या मातोश्री. त्यांना डोळ्यांनी आता कमी दिसतं, त्या हातानं बघतात. हळदकुंकू लावायला म्हणून त्यांनी तलवार चाचपली, मूठ चाचपली, आणि तिथंच खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी दिलं. त्या मला म्हणाल्या, "कमल, ही तं आमची हाय."

मी म्हणाले, "काय बोलायलाव तुम्ही?"

"आमच्या मालकाची. मूठ ढिली झालती, तवा तांब्याची तार म्याच गुंडाळली. गाठ बघ, डाव्या हाताची हाय. म्या डावरी हाय न्हवं का?"

अध्यक्षमहाराज, कृपा करून बसून राहा. मी संपवते. हात लांब करून एकदा मूठ तेवढी बघा. तांब्यावर हिरवट चढलंय, पण गाठ दिसते.

बलभीमराव तेव्हा कँपात होते. घराघरातली हत्यारं जप्त करायचा हुकूम आला होता. तलवार सापडली असती तर म्हाताऱ्या बाईला पकडून नेलं असतं आणि मुलाचा ठावठिकाणा विचारला असता. कसा विचारला असता, ते सांगायला नको. घरात लपवायला जागा नाही. मग तुळजाबाईंनी पऱ्हाट्यांच्या भाऱ्यात तलवार बांधली, डोक्यावर भारा, कमरेवर टोपलं, आणि भर दिवसा गावातून चालत पांढरीवर गेल्या. वैशाखातच गेल्या. माळवदाला माती आणायला चाललेल्या बाईला कोण अडवणार? खाकीवाले चावडीच्या ओट्यावर बसले होते, त्यांतल्या एकानं म्हणे विचारलं, "आजी, पावसाच्या आधी?" त्या म्हणाल्या, "व्हय बाबा, माळवद गळायलंय."

पण तलवार पुरायला खोल खड्डा लागतो आणि म्हातारीच्या हातात किती जोर? मातीच्या खड्ड्यात बसून त्या खुरप्यानं खरवडत होत्या, तेव्हा वरून एक माणूस बघत होता. त्यानं हाक मारून कुणाला बोलावलं असतं तर त्याला बक्षीस मिळालं असतं. तो खाली उतरला. कुदळ घेऊन आला. राखेपर्यंत खड्डा त्यानं नेला, तलवार ठेवली, माती ढकलली, वर शेळ्या बसवल्या. आणि तुळजाबाईंचं टोपलं मातीनं भरून त्यांच्या डोक्यावर दिलं, रिकामं टोपलं घेऊन गेलीस तर संशय येईल म्हणून.

तो माणूस दाराबाहेर पायरीवर बसलाय.

मी आज दुपारी त्यांना विचारायला गेले. म्हटलं, चाँदसाब, घर जायची वेळ आली तरी तुम्ही तोंड उघडलं नाही? ते म्हणाले, "बाई, मी बोललो असतो तर काय बोलले असते लोकं? तलवार ह्याच्याचकडची हाय. ह्यानंच लपिवली. नको बाई. अन् तुळजाबाईला जबान दिलती, कुनाला नै बोलनार म्हून." बहिणींनो, त्यांचं हे बोलणं खरं आहे की नाही तुम्हीच सांगा. आपण खरंच तसं म्हणालो नसतो का?

मी तुळजाबाईंना म्हणाले, तुम्ही घरी लेकाला सांगा, चार भिंतींत मिटवू. त्या म्हणाल्या, "घरात सांगिटलं तं म्हनंल, आई म्हातारी झाली, भरमिष्ट झाली. तू चार लोकांत सांग." म्हणून चार लोकांत सांगतेय. बलभीमराव, तुमचा अपमान करण्याचा माझा हेतू नाही. तुम्ही या तलवारीला हार घातलात, तो योग्यच घातलात. फक्त ती ज्यांची म्हणून घातलात, त्यांची ती नाही. ती तुमच्या वडिलांची आहे, आणि ती जपली म्हणून ज्याचे उपकार मानायचे, त्याचं घर उद्या आपण पाडायला निघालोय.

मला कुणी विचारेल, बाई, तुझं देशावर प्रेम नाही का? आहे. म्हणूनच मला हा खोटा पुरावा नको. उसनी राजधानी, उसनी जाळपोळ आणि आपल्याच आईनं पुरलेली तलवार घेऊन ज्याला मोठं व्हावं लागतं, तो देश माझा नव्हे. माझा देश एवढा लेचापेचा नाही. निजामाच्या राज्यात बंदुकीसमोर एक माणूस खरं बोलला. आपल्या राज्यात त्याला खरं बोलल्याबद्दल घरी पाठवावं लागत असेल, तर मी तो तिरंगा कशासाठी लपवला होता?

तर आता माझं ठरलेलं सांगते. पांढर माझी आहे. शिळा तिथं बसणार नाही. आमच्या मालकांनी दिलेली परवानगी मी या सभेसमोर मागे घेते. मालक, घरी गेल्यावर काय बोलायचं ते बोला. हौदाची भिंत आहे तशी उघडी राहील, तिच्यावर मी माझ्या खर्चानं छप्पर घालीन आणि शाळेतल्या मुलींना दर वर्षी चरात उतरवून राख दाखवीन, मडकी दाखवीन, आणि तो खड्डासुद्धा दाखवीन. माळवदाची माती यापुढं टेकडीच्या मागच्या अंगानं न्या, चराकडून नको. उद्या मिरवणूक आली तर बांधावर मी उभी असेन. एकटी असले तरी असेन.

साहेब, आज संध्याकाळी येडशीला तुमची गाडी आहे. तुमच्या हातात नोकरी राहिली नाही, अहवाल कुठं पडेल कुणास ठाऊक. पण या खोलीतल्या प्रत्येकानं आज ऐकलंय की भिंत हौदाची आहे. एवढ्या माणसांच्या कानातून ते काढून घ्यायला पुष्कळ सरकारं लागतील. तुम्हाला आणि शांताक्कांना उदंड आयुष्य मिळो. नळदुर्गाच्या वाटेवर कधी आले तर मी तुमच्या दारात येऊन विचारीन, ऊट आयिता?

सभेची व्यवस्था पाहणाऱ्या सगळ्यांचे आभार. इतका वेळ मला बोलू दिलंत आणि घंटी वाजवली नाहीत, याबद्दल अध्यक्षांचे विशेष आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, मोठ्यांपुढं आवाज चढला असेल, तर तो मुख्याध्यापिकेच्या सवयीचा दोष समजून पोटात घाला. जे सांगितलं त्याबद्दल मात्र माफी मागत नाही. ते तुमच्यापाशी ठेवून...

थांबा. तुळजाबाई, काय झालं? उठू नका, पडाल. जरा हात द्या गं त्यांना... काय म्हणता? मोठ्यानं सांगा, मागं ऐकू जाऊ द्या.

त्या म्हणताहेत, "उद्या म्या चाँदसाबच्या दारात बसून ऱ्हाईन. मिरवनूक माझ्या अंगावरून न्या म्हनावं."

बलभीमराव, आई उभ्या आहेत. तुम्ही उठा. मी बसते.